मंगळवारची दत्ताक्का

दत्ताक्का मंगळवारी आणि शुक्रवारी ‘मी आले’ म्हणायची, बाकीचे पाच दिवस ‘मी आलो’. यात तिची कधी चूक झालेली मी ऐकली नाही. सोमवारी तुरीच्या शेतातून परतताना भेटली, तर एका दमात सांगायची, “आज दिवसभर खुरपत व्हतो, उद्या जोगव्याला येते.” आजचा पुरुष आणि उद्याची बाई एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसायचे. गावात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मी मात्र पहिले काही महिने दर वेळी अडखळायचे.

मी इथं तिला ‘ती’च म्हणणार आहे. एकदा मी तिला विचारलं होतं, “दत्ताक्का, तुमच्याबद्दल लिहायचं झालं तर काय लिहू? तो का ती?” ती म्हणाली, “वार बघून लिही.” या लिखाणाला वार नाही. म्हणून मी माझ्या मनानं ठरवलं. तिला ते चाललं असतं की नाही, हे आता विचारता येत नाही.

कागदोपत्री तिचं नाव दत्तात्रय. गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागलेलं. तिथं निम्म्या घरांत कानडी चालते आणि मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. दत्तूमधला दत्त आणि मागे अक्का, असं ते नाव गावानंच जोडून टाकलं होतं. ती आराधी होती, म्हणजे देवीला वाहिलेली. लहानपणी केसांत जट आली, घरच्यांनी माहूरच्या रेणुकेला नवस बोलला आणि गळ्यात कवड्यांची माळ पडली. तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार हिरवं लुगडं नेसायचं, कपाळभर कुंकू लावायचं आणि हातात वेताची परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. बायका परडीत पीठमीठ घालायच्या, पायावर डोकं ठेवायच्या, किरकिरं लेकरू तिच्यापुढं धरायच्या. बुधवारी त्याच बायका हाक मारायच्या, “दत्तू, जरा ही गोणी उचलून दे की.” आणि दत्तू मुकाट्यानं गोणी उचलून द्यायचा.

तिची माझी गाठ एसटीत पडली. मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. निलंग्याकडं एका जुन्या देवळातली शिल्पं बघायला निघाले होते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. औशाच्या पुढं हिरव्या लुगड्यातली, उंचीपुरी, गालावर दाढीची निळसर छटा असलेली एक व्यक्ती गाडीत चढली. कंडक्टर बिचारा मशीन हातात धरून थबकला. “मावशी... अर्धं का पुरं?” त्याला खरंच कळत नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, “आधी तपासून घ्या!” आणि सगळी गाडी खिदळली. तिनं वळूनही बघितलं नाही. कंडक्टरला म्हणाली, “पुरं फाड बाबा. देवी अंगावर हाय. तिला अर्धं कसं करणार तू?” गाडीतलं हसणं जागच्या जागी विरलं. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “तुला बी हसू आलं व्हतं. दाबून ठिवू नको, पोटात दुखतंय.”

आमचं घर लोह्याचं. आजोबांच्या वेळेपासून धम्म घेतलेलं. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि पुस्तकांचं कपाट. देव्हारा नाही. वडील शिक्षक होते. अंगात येणं, जट, परडी असला विषय निघाला की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे; याचा अर्थ आता तासभर बोलणार असा असे. त्यामुळं पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हाच मी सांगून टाकलं, की मी देवी मानत नाही आणि आमचं घर कुठलं हेही. ती पत्र्यावर शेंगा वाळत घालत होती. म्हणाली, “मग काय झालं? मी पाच घरचं पीठ मागते. परडीत पडल्यावर कुणाचं कोन्तं हे मला बी वळखत न्हाई अन् तिला बी न्हाई.” मग आत वळून भावाला म्हणाली, “भानुदास, पेंटरबाई आली, च्या ठेव.” त्या दिवसापासून मी पेंटरबाई झाले.

भानुदास तिचा धाकटा भाऊ. तिचं सगळं कुटुंब म्हणजे भानुदास, त्याची बायको आणि दोन मुली. तो कमी बोलायचा. थोरल्या भावाला दादाच म्हणायचा, मंगळवारीसुद्धा. लुगड्यातल्या दत्ताक्काला “दादा, जेवून घे” म्हणताना तो तिच्याकडं न बघता भिंतीकडं बघायचा.

ती कामाला वाघ होती. खुरपणी, पेरणी, बैलांचं करणं, सगळं. पण मंगळवारी तिला कुणी काम सांगितलेलं खपायचं नाही. लुगडं नेसायला तिला पाऊण तास लागायचा. निऱ्या एकसारख्या आल्या नाहीत तर पुन्हा सोडायची. मी एकदा म्हटलं, “देवीला निऱ्यांचं काय एवढं?” तर म्हणाली, “तिला नसंल. मला हाय की.” तेव्हा मी हसून सोडून दिलं. त्या दोन वाक्यांत किती काय होतं ते मला पुढं कळलं, आणि कळल्यावर मी त्याचं जे केलं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

भिंतीवर लावायच्या चित्रांचा मला कंटाळा आला होता. बघणारा दोन मिनिटं उभा राहतो आणि पुढं सरकतो. मला असं काही करायचं होतं, की माणसानं त्याच्या आत शिरावं आणि बाहेर येताना थोडा वेगळा होऊन यावं. दत्ताक्काला भेटल्यावर ते काय असावं हे मला दिसायला लागलं. लातूरला बंद पडलेल्या एका डाळ मिलचं गोदाम ओळखीनं मिळालं. त्यात एक मोठी काळोखी खोली करायची. छतापासून जुनी लुगडी सोडायची, इतकी दाट की हातानं सारत सारत पुढं जावं लागेल. खाली शेणानं सारवलेली जमीन. चारी बाजूंनी संबळाचा आवाज. दारात चपला आणि मोबाईल काढून ठेवायचे आणि येणाऱ्यानं, मग तो कुणीही असो, दारात मिळणारा पदर डोक्यावर घ्यायचा. सगळ्यात आत एक चौरंग.

दत्ताक्कानं ऐकून घेतलं. “म्हंजे गाभारा.”

“तसंच. पण देव नसलेला.”

“मग लोक आत येऊन करतील काय?”

“स्वतःला बघतील. आपण कोण, बाई का पुरुष, देव कुठं असतो...”

“हे एवढं सगळं एका खोलीत?” ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. पण लुगडी तिनंच गोळा केली. तिच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांकडून, घरोघर हिंडून, कुणाचं कोणतं हे लक्षात ठेवून. शिरूर अनंतपाळच्या एका म्हातारीनं लग्नातलं लुगडं काढून दिलं, कारण मागायला दत्ताक्का आली होती. ती लुगडी खांद्यावर टाकून ती लातूरला आली आणि चार दिवस गोदामात राहून तिनं ती स्वतः टांगली. जमीनही तिनंच सारवली. तिथं तुरीच्या टरफलांचा वास भिंतींत मुरलेला होता. ती म्हणाली, “घरच्यावानी वास हाय. चांगली जागा हेरलीस.”

चौरंगावर मी मोठा आरसा ठेवला होता. सगळं सारून माणूस आत येणार आणि पदर घेतलेलं आपलंच तोंड त्याला दिसणार, अशी माझी कल्पना. मला ती फार आवडली होती. दत्ताक्का लुगड्यांतून वाट काढत आली, आरशापुढं उभी राहिली, आणि तिनं आपल्या पदरानं आरसा झाकला. “हे नको. लोक सोताला रोजच बघत्यात. हितं मोकळं ठेव. मोकळ्या जागंला माणूस घाबरतो, अन् घाबरला की खरं बोलतो.” आरसा मी काढला. रिकामा चौरंग ठेवला. प्रदर्शन बघून गेलेल्या लोकांना पुढं सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो तो रिकामा चौरंग. कौतुक मला मिळालं.

आता आवाजाचं. या काळात वर्षभर मी तिच्याकडं जात होते आणि फोनमध्ये तिचं बोलणं, गाणी, जोगव्याच्या हाका टिपून घेत होते. सुरुवातीला ती फोनकडं बघून घसा खाकरायची. पुढं पुढं तो तिथं आहे हेही विसरून जायची. एका शुक्रवारी दुपारी आम्ही लिंबाखाली बसलो होतो. जोगवा मागून ती दमून आली होती, लुगडं अजून अंगावर होतं. मी सहज विचारलं, “दत्ताक्का, देवी अंगात येते तेव्हा नेमकं काय होतं हो?”

ती बराच वेळ परडीतलं पीठ बोटानं सारखं करत राहिली. मग म्हणाली, “खरं सांगू? देवी माझ्या अंगात दोनदाच आली. एकदा लहानपणी अन् एकदा माहूरला, पायऱ्यांवर. त्या दोन्ही टायमाला मला काय बी आठवत न्हाई.”

“आणि बाकीच्या मंगळवारी?”

“बाकीचे मंगळवार माझे हायत. मीच असते. देवीचं नाव घेऊन मी माझी जिंदगी जगून घेतली, पेंटरबाई. हप्त्यातनं दोन दिवस. दुसऱ्या कुठल्या नावानं मला ते कुणी दिले असते?” तिचा आवाज फाटला. “तिला कळत असंलच की. सगळं कळतंय तिला. पण तिनं कधी हटकलं न्हाई. एकदा बी न्हाई.” आणि ती रडली, पदर तोंडात धरून, आवाज न करता. फोन दगडावर ठेवलेला होता आणि चालू होता.

प्रदर्शनाच्या थोडं आधी मी तिला विचारलं होतं, “तुमचा आवाज लावू का खोलीत?” ती म्हणाली, “लाव की. गळा त्याच्यासाठीच दिलाय.” ती गाण्याबद्दल बोलत होती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी विचारलं एक आणि मनात धरलं दुसरं. त्या दुपारच्या बोलण्याइतकं खरं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. मी ते लावलं. डाव्या कानाला ‘आलो’ म्हणणारा आवाज, उजव्या कानाला ‘आले’ म्हणणारा, आणि चौरंगापाशी पोहोचलं की दोन्ही थांबून फक्त ते बोलणं. शेवटी तो रडण्याचा श्वास.

प्रदर्शन गाजलं. उद्घाटनाला मी वीस मिनिटं बोलले, देहाबद्दल, भक्तीबद्दल, देवीपुढं पुरुषपण उतरवून ठेवणाऱ्या माणसांबद्दल. दत्ताक्का आली नव्हती; काढणी चालू होती. लोक डोळे पुसत बाहेर यायचे. एका बँकेतले गृहस्थ डोक्यावर पदर घेऊन तासभर चौरंगासमोर बसून राहिले आणि जाताना दारातल्या मुलीला म्हणाले, “हा पदर आत्ताच काढायला पाहिजे का?” मला वाटलं, आपण काहीतरी केलं.

वडील लोह्याहून आले होते. पदर घ्यायला त्यांनी का कू केलं नाही. आत जाऊन आले, बाहेर बाकावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. मी तासाभराच्या व्याख्यानाची तयारी ठेवली. पण त्यांनी एवढंच विचारलं, “शेवटी ती बाई रडते, ते लोक ऐकणार हे तिला माहीत आहे का?”

मी म्हणाले, “हो.”

वडिलांशी मी त्याआधी कधी सरळ खोटं बोलले नव्हते.

चारच दिवसांनी दत्ताक्काच्या गावचा एक माणूस लातूरच्या मोंढ्यात तूर विकायला आला. गोदामाबाहेरचा फलक बघून आत शिरला. काळोखात त्यानं आवाज ओळखला. संध्याकाळी गावात पोहोचेपर्यंत त्या बोलण्याचं काहीतरी वेगळंच झालं होतं. दत्तू म्हणतो देवीबिवी काही नाही, आजवर सगळं सोंग होतं, असं पारावर सांगितलं गेलं. सोंग हा शब्द तिनं कधी उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी देवळापुढं तिला बोलावलं आणि विचारलं, देवी येत नाही हे तू बोललास का? ती म्हणाली, “हाव.” बाकी काही तिनं सांगितलं नाही, आणि पुढचं कुणी विचारलं नाही.

पुरुष तावातावानं बोलले, पण तिला लागलं ते कौसाबाईचं बोलणं. कौसाबाई म्हणजे जोगव्याच्या पाच घरांतलं पहिलं घर. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, “माझी सून बाळंतपणात अडली, तवा मी तुझ्या पायावर डोकं ठिवलं. ते मी कुणाच्या पायावर ठिवलं, दत्तू?” ते बोलणं गावकऱ्यांच्या इतर आरड्याओरड्यासारखं बाजूला टाकता येत नाही. त्या बाईनं खरोखर डोकं ठेवलं होतं.

भानुदासनं माळ आणि परडी उचलली आणि मांजरा नदीत नेऊन सोडली. मला त्याचा फोन आला. “बाई, आता आमच्या घरी येऊ नका.” एवढंच बोलून ठेवला.

मी तरीही गेले. मंगळवार होता. दत्ताक्का भानुदासच्या शर्टात, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कपाळ कोरं होतं. भानुदास शेतात गेलेला. मला बघून ती उठली नाही, पण बाजूला सरकून जागा केली. मी माफी मागायला लागले. मध्येच ती म्हणाली, “ऐकव की.”

“काय?”

“लोकांनी ऐकलं. मी कुठं ऐकलंय?”

मी फोन तिच्यापुढं ठेवला. तिनं पूर्ण ऐकलं, आपल्या रडण्यापर्यंत. शेंग हातात तशीच धरून. संपल्यावर म्हणाली, “खरं हाय. एक अक्षर खोटं न्हाई.” मग हातातली शेंग सोलून, “पण हे मी तुला सांगितलं व्हतं, पेंटरबाई. तुझ्या खोलीला न्हाई.”

मी विचारलं, “मी गावात सगळ्यांना समजावून सांगू का, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते?” ती म्हणाली, “आता तू काय बी सांगू नको.” मग मला निघायला सांगितलं, भानुदास यायच्या आत. ‘जा’ म्हणाली. नेहमी ‘ये’ म्हणायची.

परतीच्या बसमध्ये मी फोनमधलं तिचं सगळं बोलणं पुसून टाकलं. वर्षभराचं. घरी पोहोचून संगणकावरचंही. त्याच आठवड्यात खोली मोडली आणि लुगडी ज्यांची त्यांना पोचवली. खरं सांगायचं तर पुसल्यावर मला हलकं वाटलं. आपण प्रायश्चित्त घेतलं असं वाटलं.

त्यानंतर दत्ताक्का रोजच ‘मी आलो’ म्हणायला लागली, असं कानावर आलं. सातही वार. गावानं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. गोण्या उचलायला बोलवत होतेच. फक्त मंगळवारी तिच्यासाठी कुणाचं दार उघडत नव्हतं. सहाएक महिन्यांनी ती कुणाला न सांगता माहूरला निघून गेली. गडाखाली एका धर्मशाळेत झाडलोट करून राहायची. मी दोनदा जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा काहीतरी कारण काढून राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत मी लोह्याला असताना भानुदासचा फोन आला. “दादाला नांदेडला दवाखान्यात आणलंय. ताप मेंदूत गेला म्हणत्यात. तुमचं नाव घेऊन राहिलाय.” वडील म्हणाले, मी पण येतो. आम्ही दोघं गेलो. वडील बाहेर भानुदासजवळ थांबले. ती पुरुषांच्या वॉर्डात होती. दुसरीकडं कुठं ठेवणार? कागदावर दत्तात्रय होतं, सोबत आलेल्या भावानं दादा सांगितलं होतं. नर्स चांगली होती, तोंड पुसत होती, “काका, हात सैल सोडा” म्हणत होती. दत्ताक्काचे केस कापलेले होते. ती इतकी वाळली होती की मी पलंग चुकले असं मला क्षणभर वाटलं.

तिनं मला ओळखलं. “खोली हाय का अजून?”

“नाही. मोडली.”

“लुगडी?”

“ज्यांची त्यांना दिली.”

“शिरूरच्या म्हातारीचं?”

“तिचं पण.”

ती डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. मग एकदम डोळे उघडून, घाबरल्यासारखी, आजूबाजूचे पलंग बघत तिनं विचारलं, “आज वार कोन्ता?”

मंगळवार होता.

“बुधवार,” मी म्हणाले.

“मग हरकत न्हाई,” ती म्हणाली आणि मान सैल सोडली. शुक्रवार उजाडायच्या आत ती गेली.

गावात नेलं तेव्हा मी होते. अंगणात तिला धोतर नेसवलं, डोक्याला पांढरा पटका बांधला. बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, कौसाबाईही. तिच्या काखेत काहीतरी हिरवं घडी केलेलं होतं. तिनं एकदा भानुदासकडं बघितलं. भानुदासनं मान हलवली, नको म्हणून. तिनं ती घडी पदराखाली घेतली. उद्घाटनाला वीस मिनिटं बोलणारी मी तिथंच, चार पावलांवर उभी होते. मी एक शब्द बोलले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं.

तेराव्याला मी पुन्हा गेले. जेवणं आटोपली, पाव्हणे पांगले. भानुदास ओसरीवर माझ्यापासून थोडा लांब येऊन बसला. मग म्हणाला, “बाई, आवाज हाय म्हणं तुमच्याकडं. दादाचा.”

मी मांडीवरचा फोन पालथा केला.

“आमच्याकडं आधार कार्डावरचा फोटू हाय, बाकी कायच न्हाई. तो काय बोलला व्हता ते बी मी ऐकलं न्हाई. लोकांनी सांगितलं अन् मी जाऊन माळ सोडून आलो. त्याला इचारलं बी न्हाई.” त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. “एकदा ऐकवा की.”

मी सांगितलं, की पुसून टाकलं. सगळं.

तो मान हलवत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. “बरं,” म्हणाला. “बरं.” मग उठला आणि पुन्हा बसला. “त्याच्यात माझ्याबद्दल काय म्हणला व्हता का?”

म्हणाली होती. त्याच दुपारी, त्याच लिंबाखाली, रडणं थांबल्यावर ती चांगली दहा मिनिटं भानुदासबद्दल बोलली होती. खोलीत मी तो भाग लावला नाही. माझ्या विषयाशी त्याचा संबंध नाही असं वाटून कापून टाकला होता. जगात तो फक्त मी ऐकला होता.

मी त्याला सांगितलं. आठवलं तसं, तिच्याच शब्दांत. “आई गेली तवा भानुदास दीड वर्साचा व्हता. रातभर रडायचा. बापाकडं जायचा न्हाई, कुणाकडंच न्हाई. मी आईचं लुगडं काढलं, अंगाभवती गुंडाळलं अन् त्याला कडेवर घेतलं. वास वळखून तो गप झाला, खांद्यावर मान टाकून झोपला. तवा मला पहिल्यांदा वाटलं की मी हे हाय. जट-बिट सगळं मागून आलं. देवी बी मागून आली. आधी भानुदास.”

तो खाली बघून ऐकत होता. आत त्याची बायको भांडी घासत होती, तो आवाज थांबला होता.

“अजून एकदा सांगा,” भानुदास म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. निलंग्याची गाडी येईपर्यंत त्यानं ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.